घोडीचे पाय

माझं डोकं लवकर तापतं, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मालिकेच्या वेळी तापलं ते अजून निवलेलं नाही.

कॉम्प्युटर नुकते परवडायला लागले होते. गंगापूर रोडवरच्या एका गाळ्यात आमचा कार्टूनचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं, चार मशीनं आणि एक गळका कूलर! मालकांनी एका चॅनेलचं काम आणलं: टांगेवाला आणि त्याची हट्टी घोडी यांना टीव्हीवर आणायचं. मुलांच्या मासिकात ही जोडी वर्षानुवर्षं शेवटच्या पानावर यायची. आम्ही सगळी पोरं मासिक उलटं, मागूनच उघडायचो.

ती काढणारे चित्रकार देवळाली कॅम्पात राहायचे. त्यांचे वडील तिथेच टांगा चालवत. परवानगी मागायला गेलो तेव्हा या चित्रकार काकांना काचबिंदूनं गाठलं होतं. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला मधलं तेवढं दिसायचं, तेही आक्रसत चाललेलं.

"माझं एकच म्हणणं," ते म्हणाले. "कागदावर ती जन्मभर एक पाय उचलून उभी राहिली. मला ती पळताना बघायचीय. पण लवकर करा, पोरी. डोळा थांबायचा नाही."

"शब्द दिला, काका," मालक म्हणाले. शब्द द्यायला काय जातंय यांचं!

घोड्याची दौड काढायची म्हणजे कंबरडं मोडतं. चार पाय, चारींची तऱ्हा वेगळी, चित्रांचा नुसता ढीग. एवढं बजेट कुठलं? मालकांनी तोडगा काढला: घोडीच्या पायांपुढे मेंदीचं कुंपण. मागची घरं सरकवायची, डोकं वरखाली हलवायचं, टापांच्या आवाजासाठी करवंट्या वाजवायच्या. झाली दौड! तेच कुंपण आम्ही शेतात लावलं, बाजारात लावलं, एका भागात तर चक्क नदीपात्रात. मी कडकडून भांडले. "मॅडम, पोरांना काही कळत नाही," म्हणाले. मग जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच दौड काढायला बसले. ती अर्धी होईतो पहिला भाग चॅनेलकडे गेलासुद्धा.

तो लागला त्या सकाळी मी कॅम्पात गेले. घरी बसवेना. काकूंनी काकांना हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं, नाक काचेला टेकेल इतकं जवळ. करवंट्या वाजायला लागल्या तसे ते ताठ झाले. त्यांनी मान वाकवली, तिरकी केली, काचेवरून बोट फिरवलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"खालचं गेलं गं माझं," ते म्हणाले. "परवापर्यंत दिसायचं थोडं. आता पायांच्या जागी नुसता हिरवट अंधार आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे चांगले होते.

"तू सांग, पोरी. पळते ना?"

"सुसाट पळते, काका."

"मागचा डावा? तो जरा बाहेर फेकायची ती."

"फेकतेय की."

ते भिंतीला टेकून बसले. "मग हरकत नाही. मला आपलं क्षणभर वाटलं, लेकाच्यांनी पाय काढलेच नाहीत."

काकूंनी उठून करवंट्यांचा आवाज मोठा केला.