हळदीकुंकवाच्या दिवशीची तपासणी

आमच्या मराठी महिला मंडळाला सरकारी अनुदान मंजूर झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य आम्हालाच वाटलं. तोवर आमची मजल दिवाळीच्या फराळाचा स्टॉल आणि गणपतीतली पाककला स्पर्धा यांच्यापुढे गेलेली नव्हती. इंद्रपुरीतल्या मंडळाच्या सभागृहात एकट्या आयांसाठी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग चालवायचा आणि त्या शिकत असताना मागच्या खोलीत त्यांची मुलं सांभाळायची, अशी ती योजना होती. पाळणाघराला इथल्या हिंदी सरकारी कागदांत झूलाघर म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. अर्धं अनुदान सुरुवातीला, उरलेलं जानेवारीतल्या तपासणीनंतर. चिटणीस मी, त्यामुळे फायली माझ्याकडे आणि फायलींबरोबर येणारी ऐटही माझ्याकडे.

वर्गात अठराजणी होत्या. त्यातली एक अमरावतीकडची. तिचा नवरा मंडीदीपच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला होता, तो आजारपणात गेला. मुलगी तीन वर्षांची. ही सकाळी दोन घरच्या पोळ्या लाटून अकराच्या ठोक्याला वर्गात हजर असायची. पहिल्या महिन्यात कीबोर्डवर तिची बोटं चाचपडत होती. तिसऱ्या महिन्यात शिकवणाऱ्या बाई तिलाच इतरांना दाखवायला बसवू लागल्या. मार्चची परीक्षा पास झाली तर एका दवाखान्यात टायपिंगची जागा तिला कबूल झाली होती. हे सगळं जमत होतं ते झूलाघरामुळे. मुलीला ठेवायला तिच्याकडे दुसरं माणूस नव्हतं.

तपासणीची तारीख आली ती नेमकी संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली. अधिकारी बाई चार इमलीतल्या, म्हणजे साहेबलोकांच्या सरकारी बंगल्यांतल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांचं स्वागत कसं करायचं, यावर कमिटीत तासभर काथ्याकूट झाला. शेवटी मीच म्हटलं, "एवढं काय डोकं खाताय? जानेवारी आहे, हळदीकुंकू करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीच्याही मनात काही आलं नाही. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या, तिळगूळ मी स्वतः केला आणि तो छान झाला होता.

त्या दिवशी दारातच टेबल मांडलं होतं. आत येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ. अधिकारी बाईंनी कुंकू लावून घेतलं, वाटी बघून त्या खूश झाल्या. मग हजेरीपुस्तक उघडून त्यांनी समोर नजर टाकली. खुर्च्यांवर मंडळाच्या आम्ही पंचवीसजणी, ठेवणीतल्या काळ्या साड्या नेसून. वर्गातल्या फक्त चौघी, नवरा सोडून गेला तरी गळ्यात अजून मंगळसूत्र असलेल्या.

"बाकी महिलाएँ कहाँ हैं?" त्यांनी विचारलं.

"आती होंगी," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं, आणि मनातून मी चिडलेही होते. आजच्या दिवशी तरी वेळेवर यायला काय झालं होतं यांना?

तेवढ्यात मागचं दार उघडलं. अमरावतीची ती चौकटीपलीकडे उभी होती. तिथूनच म्हणाली, "मैडम, हम सब आए हैं. पीछे बैठे हैं, बच्चों के पास."

अधिकारी बाई उठल्या, त्यांच्यामागून मी. झूलाघराच्या पायऱ्यांवर बाकीच्या तेराजणी बसल्या होत्या, आपापल्या चांगल्या साड्यांत. बहुतेक विधवा. दारातलं टेबल पाहून त्या बिनबोभाट मागे वळल्या होत्या. नवऱ्याने टाकलेल्या आणखी दोघी-तिघींना आपण आतल्या की बाहेरच्या हे ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्याही तिथेच. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की हातातलं तबक कुठे ठेवावं तेही सुचेना.

"ये बाहर क्यों बैठी हैं?" बाईंनी मला विचारलं.

"हमारे यहाँ..." मी सुरुवात केली.

महिन्याभराने पत्र आलं. शेऱ्यात एकच ओळ होती: लाभार्थी महिलाएँ उपस्थित, किंतु कार्यक्रम स्थल के बाहर. उरलेलं अनुदान थांबलं. कमिटीने अधिकारी बाईंना यथेच्छ शिव्या घातल्या. मी पत्र फायलीला लावलं, कारण ओळ खरी होती. शिकवणाऱ्या बाईंनी वर्ग बिनपगारी चालू ठेवला, पण झूलाघर बंद पडलं. आणि अमरावतीची ती यायची थांबली. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

मी तिच्या खोलीवर गेले. "परीक्षा होईपर्यंत मुलीला माझ्याकडे सोडत जा," मी म्हटलं. "दिवसभर मी घरीच असते."

तिने चहा ठेवला आणि मुलीची वेणी घालायला बसली. वेणी पुरी झाल्यावर म्हणाली, "काकू, राग नका मानू. तुमच्या घरी तसा काही कार्यक्रम राहिला, अन् मी हिला न्यायला आली, त कोणत्या दारानं येऊ?"

"पुढच्या," मी म्हटलं. तिने चहा गाळून माझ्यापुढे ठेवला.

सोमवारी साडेदहाला बेल वाजली. मी दार उघडलं तशी मुलगी धावत आत शिरली. ती मात्र चपला काढून पायपुसण्यावरच उभी राहिली. मी दोनदा "आत ये" म्हटलं, तेव्हा कुठे तिने उंबरा ओलांडला.