जाड अक्षरांच्या पोटातली जागा

मला जाड, गोलसर अक्षरं फार आवडतात. कुठल्याही टोकाला धार नाही आणि रेघ सगळीकडे सारखीच भरीव. आईस्क्रीमच्या दुकानावर, बालवाडीच्या भिंतीवर ती शोभतात. दातांच्या दवाखान्यावर तर घाबरलेल्या माणसाला थोडा धीरही देतात. कोर्टाच्या नोटिशीला मात्र लावून बघा, नोटीस हसायला लागेल.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये माझं बोर्ड बनवायचं दुकान आहे. अशा अक्षरांचा एक मराठी फॉन्ट मी वर्षभर खपून स्वतः काढला होता. त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं, ते म्हणजे मागच्या गल्लीतल्या सिंधी आंटी. आंटींनी उभा जन्म घरी पापड लाटून दारोदार विकले. सगळे त्यांना पापडवालीच म्हणायचे. आता त्यांचं स्वतःचं दुकान निघत होतं.

"पापड तो काच में से दिखेगा," त्या म्हणाल्या. "बोर्डावर मेरा नाम पाहिजे, पूरा. रोडच्या पलीकडून दिसला पाहिजे. मोटा बनाना."

मी तर संधीच शोधत होते. अक्षरं इतकी जाड केली की स्क्रीनवर बघून माझीच छाती फुगली. उद्घाटनाला चार दिवस असताना बोर्ड चढवला, संध्याकाळी बोर्डाच्या आतले दिवे लावले आणि आम्ही रस्ता ओलांडून बघायला गेलो. उजेड पसरून अक्षरांच्या आतली भोकं पार बुजली होती. नाव कसलं, ओळीने मांडलेले बटाटेवडे दिसत होते. आंटींचा चेहरा पडला.

"दिवे जास्त झालेत," मी ठासून सांगितलं. साफ खोटं होतं ते.

आंटींनी मला घरी नेलं. आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवला, ती त्यांच्याकडची रीतच. मग पापडाच्या पिठाची लांब वळी करून पाटावर माझंच एक अक्षर वळलं. टोकं आपसूक गोल झाली. वरून लाटणं फिरवलं, पीठ पसरलं आणि भोक बुजलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी भोक चांगलं ऐसपैस ठेवलं. लाटल्यावर ते नेमकं हवं तेवढं उरलं.

"देख बेटा, फैलनेवाली चीज है ना, तो पहले से जगह छोडने का."

डिझाइनचा कोर्स केलेल्या मला हे पापडाच्या पाटावर शिकावं लागलं, याचा रागच आला. दुसरा पापड संपेपर्यंत तो टिकला.

पुढचे तीन दिवस मी अक्षरांची पोटं मोकळी करत बसले. रेघ थोडी बारीक केली, पण गोलाईला हात लावला नाही. गंमत म्हणजे अक्षरं आता जास्तच गुबगुबीत वाटायला लागली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी नव्या बोर्डाचे दिवे लागले, तेव्हा आम्ही दोघी पुन्हा रस्त्यापलीकडे उभ्या होतो. शेजारी एक रिक्षा थांबली. आतल्या बाईंनी मान बाहेर काढून बोर्डावरचं नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट. सगळं एका दमात, कुठे न अडखळता. मला आनंदाने रडूच फुटलं.

"या कोण हो?" बाईंनी आंटींनाच विचारलं.

आंटींनी ओढणी सारखी केली.

"मीच," त्या म्हणाल्या.