अंजनाबाईंच्या कागदावरचा शेरा

शिरूरच्या एस.टी. डेपोत कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि बायको गेल्यापासून दोन्ही वेळा अंजनाबाईंच्या खानावळीत जेवतो. त्यांना एचआयव्ही आहे हे इथं जेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय. ज्याला किळस वाटली तो उठून गेला. बाईंनी त्याचं ताट घासून दुसऱ्याला वाढलं. त्यांच्या फळीवर मोहरी, जिरं, हळद सगळं एकसारख्या पांढऱ्या डब्यांत असतं. एचआयव्हीच्या गोळ्यांची महिन्याला एक डबी मिळते. ती संपली की धुऊन तिच्यात मसाला. लपवाछपवीचा बाईंना मनापासून कंटाळा.

गेल्या वर्षी त्यांच्या तोंडात पांढरी बुरशी आली. आजार उशिरा कळलेला, अंगातली प्रतिकारशक्ती हळूहळू भरत होती, त्यामुळे ती आधीही यायची आणि बुरशीच्या गोळीनं जायची. या वेळी मात्र गोळ्या खाऊन खाऊन हटेना. थर घशात उतरला. पन्नास माणसांची आमटी करणारी बाई स्वतः ताकावर आली. ‘आप्पा, मीठ बघा’ म्हणत त्या मला बोलावू लागल्या, आणि माझी जीभ म्हणजे डेपोच्या चहावर पोसलेली.

दौंड त्यांचं माहेर, औषधंही तिथल्याच एका दवाखान्यातून. मी सोबत गेलो. नव्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, बुरशी हटत नाही म्हणजे एचआयव्हीचं औषध चुकतंय असं धरलं आणि काही न विचारताच कागदावर लिहिलं, ‘एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेत नाही.’ वर तीच बुरशीची गोळी पुन्हा.

“एक बी चुकली न्हाई,” बाई म्हणाल्या.

“सगळे असंच म्हणतात.”

परतीच्या गाडीत मीही मूर्खासारखं विचारलं, “एखादी राहिली असेल का हो?” संध्याकाळी माझ्या ताटात नुसती भाकरी पडली, कालवण नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी फळीवरच्या बेचाळीस डब्या रिकाम्या केल्या, पिशवीत भरल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. खोलीभर जिऱ्याचा वास. डॉक्टर म्हणाले, डबी रिकामी झाली म्हणजे गोळी पोटात गेलीच असं नाही. मला संताप आला, पण म्हणणं खोटं नव्हतं. बाई हलल्या नाहीत.

“मग तपासा. रगात काढा, तोंडातली बुरशी काढून धाडा. तवर ह्यो शेरा मला मान्य न्हाई.”

बाहेर रांग खोळंबली, कुणी कुणी कुरकुरलं. अखेर डॉक्टरांनी नमुने पाठवले.

रिपोर्ट आले तेव्हा मी पुन्हा सोबत होतो. रक्तात विषाणू जवळजवळ नव्हताच, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या रोज पोटात जात होत्या. बुरशी मात्र तिच्या गोळीला पुरून उरली होती. त्या गोळीचा तिच्यावर काही परिणामच होत नव्हता. डॉक्टर मऊ झाले. बुरशीचं औषध वरचेवर आणि अर्धवट घेतलं की असं होतं, म्हणाले.

बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

“त्ये मी केलंय, सायेब. तोंड आलं की मेडिकलातनं दोन गोळ्या आणायच्या. उतार पडला की बंद. उरलेली हितल्या, माहेरच्या आमच्या बयाबाईला. तिला बी ह्योच आजार हाय. तीन वर्सं आमचं असंच चाललं. कुणी सांगितलं न्हाई, आन् मी इचारलं न्हाई.”

मी कपाळाला हात लावला. हातात आलेली बाजी बाई स्वतःच घालवत होत्या.

“त्ये लिवा,” त्या म्हणाल्या. “माझी चूक हाय तेवढी लिवा. जी न्हाई ती खोडा.”

डॉक्टर म्हणाले, ते नंतर बघू. आता शिरेतून दुसरं औषध द्यायचंय, आधी अ‍ॅडमिट व्हा. बाईंना पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, तरी त्या खुर्चीतून उठेनात.

“आधी खोडा.”

डॉक्टरांनी शेरा खोडला, खरं काय ते लिहिलं, खाली सही केली. बाईंनी कागद ओढून घेतला आणि त्या दुखऱ्या घशानं, दारातल्या रांगेला ऐकू जाईल असा, शब्दन् शब्द मोठ्यानं वाचला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसावे लागले.

“आता तरी चला,” डॉक्टर म्हणाले.

“येते की. आप्पा, तुम्ही तेवढं बयाबाईला बोलवा. तिच्या कागदावर बी त्योच खोडलेला शेरा हाय.”