किटलीमावशीची खुर्ची

दुपारी चारच्या सुमाराला आमची किटलीमावशी केसांवरून फणी फिरवते, पिशवी काखेला लावते आणि कुणाला न सांगता घराबाहेर पडते. न सांगता म्हणजे चोरून नव्हे. जिना उतरताना तिच्या चपला अशा वाजतात की खालच्या मजल्यावरची झोपलेली माणसं कूस बदलतात. सांगत नाही, कारण सांगितलं की "येताना ब्रेड आण" हे ठरलेलं.

ती जाते कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात. या दुकानाच्या शाखा गावोगाव आहेत. सगळीकडे त्याच चॉकलेटी खुर्च्या, तेच लोंबते दिवे आणि कुणीही मन लावून न ऐकलेलं तेच गाणं. जाणकार मंडळी या दुकानाला नावं ठेवतात. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणतात, तिथे कॉफी नाही, कंटाळा विकतात. हे ते तिथेच बसून म्हणतात, हा भाग वेगळा. गर्दी काही हटत नाही.

मावशीने सगळी नोकरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये केली. काउंटरच्या मागे, उभ्याने. डॉक्टर, नर्सा, रात्रभर जागलेले नातेवाईक, सगळ्यांना तिने चहा-कॉफी पाजली. हातात कायम किटली, म्हणून नाव किटली. आणि तापली की झाकण उडायचं, म्हणून ते नाव टिकलंही. कप रिकामा झाला की ती तो उचलायची आणि फडक्याने टेबल अशा आवेशात पुसायची की बसलेला माणूस आपोआप उठायचा. "बसायचंय तर बागेत जा, इथे माणसं खोळंबलीत," हे तिचं पेटंट वाक्य.

निवृत्त झाली आणि घरी आली. घरात एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ. तो विमा कंपनीत आहे आणि बढती मिळाल्यापासून आम्ही त्याला साहेब म्हणतो. सून शाळेत शिकवते. दोघंही अतिशय प्रेमळ. इतकी प्रेमळ, की "आई, आता तू आराम कर" असं म्हणून दोघंही तिच्यासमोर बसायची आणि मग म्हणायची, "जरा चहा टाकतेस?"

अशाच एका दुपारी मावशी विजेचं बिल भरून परत येत होती. पाय भरून आले, समोर ते दुकान दिसलं, आत शिरली. काउंटरवरच्या मुलीने कपावर लिहायला नाव विचारलं. मावशी म्हणाली, "किटली." मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिने लिहिलं आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात पुकारा केला, "किटली, तुमची कॉफी तयार आहे!" मावशी उठून गेली, कप घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, आणि त्या दिवसापासून ती खुर्ची तिची झाली.

पुढे लेकीसारख्या पुतणीकडे परगावी गेली, तर तिथेही त्याच दुकानाची शाखा आणि कोपऱ्यात तीच खुर्ची. परत आल्यावर मला म्हणाली, "मला वाटलं, माझी खुर्ची माझ्याआधीची गाडी पकडून आली की काय!" कॅन्टीनमधली विद्याही ती विसरलेली नाही. कपात शेवटचा घोट ठेवूनच बसते. घोट शिल्लक असलेल्या माणसाला उठवता येत नाही, हे उठवण्यात हयात घालवलेल्या बाईला कुणी शिकवायला नको.

माशी शिंकली ती खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. त्या साहेबाला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमच्या आई रोज त्या दुकानात एकट्याच बसलेल्या दिसतात हो. घरी सगळं ठीक ना?"

साहेबाला हे लागलं. रात्रीच्या जेवणाला सभा भरली.

"आई, घरी काय कमी आहे तुला?"

"काही नाही."

"मग रोज तिथे जाऊन का बसतेस?"

"बसायला."

"अहो आई," सून मध्ये पडली, "ह्यांचं म्हणणं, तुम्हाला कॉफी इतकी आवडते तर आपण घरीच काहीतरी करू ना!"

मावशीने भाताचा घास तोंडात घातला आणि बोलायची संधी हुकली. कारण चारच दिवसांत घरात यंत्र आलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा मिक्सर विस्थापित करून त्या जागी बसवलेलं, चकचकीत, भोंग्यासारखं ओरडणारं कॉफीचं यंत्र. अगदी दुकानात असतं तसलं. साहेबाने वरून कापड ओढून काढलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "घे आई. आता तुला कुठे जायला नको."

आईला आनंद व्हावा म्हणून माणूस काय काय करतो! आणि ते चालवायचं कुणी, हा प्रश्न कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं ना. उभ्या घरात वाफ, दूध आणि कप यांची सवय एकाच बाईला.

झालं. "आई, मला फेस जास्त." "अहो आई, माझी बिनसाखरेची." सुनेचे वडील यंत्र बघायला आले आणि पिऊन गेले. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले, ते टाकी विसरून दुसरा कप मागून बसले. खालच्या काकू तर रोजच येऊ लागल्या. आता घरी सगळं ठीक आहे याची त्यांना खातरी करून घ्यायची होती. मावशी ओट्याशी उभी. चार वाजायचे, साडेचार व्हायचे, पिशवी खुंटीवर.

मग तो शनिवार आला. साहेबाने ऑफिसची माणसं बोलावली होती. मीही होतो, कारण फुकटच्या कॉफीला मी कधी नाही म्हणत नाही. दिवाणखाना भरलेला. साहेब कौतुकाने म्हणाला, "आमच्या आईच्या हातची प्या, दुकानातली विसराल. आई, सगळ्यांना एकेक!"

मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसले. खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला घालू लागली.

"आई, कुठे निघालीस?"

"कॉफी प्यायला."

ऑफिसची माणसं हातातल्या रिकाम्या बश्यांकडे बघू लागली. साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं, घरात मशीन आहे!"

"आहे ना. चालव."

आणि चपला जिन्यावरून वाजत खाली गेल्या. साहेब मागे धावला. मी साहेबाच्या मागे. असला देखावा घरबसल्या दिसत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी खुर्चीत बसलेली होती आणि समोर कप होता. साहेब टेबलावर वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "आई, पाहुणे घरी बसलेत."

"बसू देत. बसायलाच आलेत."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? बाई बसली, असं म्हणतील. जन्मभर उभी होते, तेव्हा नाही कुणी काही म्हणालं."

"पण घरची कॉफी याच्यापेक्षा चांगली होते गं!"

"होणारच. मी करते." तिने कपाकडे बोट दाखवलं. "ही जळकी असते. कॅन्टीनमध्ये असली दिली असती ना, तर सर्जनने कप फेकून मारला असता."

"मग कशाला पितेस?"

"अरे बैला, कॉफी प्यायला येतंय कोण इथे? इथे ती पोरगी करते, ती हाक मारते, मी घेते. फेस कमी का जास्त, ते मी सांगते. मुलगा काय करतो, सून कशी आहे, कुणी विचारत नाही. टेबलसुद्धा दुसरं कुणीतरी पुसतं. आहे असं काही तुझ्या यंत्रात? असेल तर दाखव बटण."

साहेबाने समोरची खुर्ची ओढली. मावशीने तिच्यावर पिशवी ठेवली.

"मी बसू नको?"

"घरी रोज बसतोस की माझ्यासमोर."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुनेचा आवाज मलाही ऐकू आला. मागे यंत्र किंचाळत होतं आणि कुणीतरी फडकं मागत होतं. साहेबाने फोनवर हात ठेवला. "आई, दूध गरम करायचं बटण कुठलं?"

"मी इथे गिऱ्हाईक आहे," मावशी म्हणाली. "काउंटरवर विचार."

आणि बघा, साहेब खरोखर काउंटरकडे वळला! दोन पावलं गेल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, मान खाली घालून तो दाराबाहेर पडला आणि घराकडे पळत सुटला. त्याच्या पाहुण्यांना त्या दिवशी काय प्यायला मिळालं ते मला माहीत नाही. पण सोमवारी मिक्सर ओट्यावर परत आला, आणि चार वाजता जिन्यात चपला वाजतात तेव्हा घरात कुणी ब्रेडचं नाव काढत नाही.

तो गेल्यावर मी मात्र टेबलापाशी घुटमळत राहिलो. असल्या पराक्रमानंतर मावशीशी चार शब्द बोलावेत, तिला शाबासकी द्यावी, असं मनात होतं.

"तुला काय हवंय?" मावशीने विचारलं.

"काही नाही गं."

"मग ते पलीकडच्या टेबलावर बसून कर."