कानाजवळ न गेलेली आत्या

कुरुंद्याच्या जिवनबाईचे हात गावाला पाठ होते. कोपरापासून बोटांपर्यंत चंदेरी खपल्यांचे चट्टे. सोरायसिस. शिजवलेली हळद उन्हात पसरली, की बाह्या सारून ती दिवसभर हळद खालीवर करायची, आणि चैत सरता सरता चट्टे पुसट व्हायचे. यंदा तिला घाई होती. भाऊ विश्वंभरच्या घरी नऊ वर्षांनी लेकरू येणार होतं. बाराव्या दिवशी बारसं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा! ‘त्या हातांनी लेकरू घेणार व्हय?’ असं कुणी म्हणू नये, म्हणून बाई महिनाभर उन्हात उभी.

हात निवळले, भावाला लेक झाली. आणि बारशाच्या आदल्याच दिवशी वरच्या ओठावर फोडांचा घोस उठला!

"ऊन चावलं गं तुला," शेजारीण कमलबाई हसली. "तूप लाव. हात लोण्यावानी झाले, आता काहून रडतीस?"

जिवनबाईला राहवेना. तिनं वसमतचा दवाखाना गाठला.

"रोगाशी लढणारे तुमच्या कातडीचे राखणदार चवताळलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरच्यांवरच काठ्या चालवतात, म्हणून चट्टे. उन्हातली न दिसणारी किरणं त्यांना गुंगी आणतात. हात निवळले."

"मंग ऊन चांगलं."

"ओठात एक विषाणू वर्षानुवर्षं दडून होता. राखणदार पेंगले, तो बाहेर आला."

"मंग ऊन वाईट! बाई, येक काय ते सांगा."

"दोन्ही खरं. चट्टे कुणाला लागत नाहीत, कधीच लागणार नव्हते. फोड मात्र लागतात. तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. पुरते वाळेपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही."

परतताना जीपमध्ये जिवनबाईचं डोकं गरगरलं. ज्या हातांना गाव भ्यालं, ते निर्दोष. ज्या फोडांना गाव हसलं, ते वैरी. आणि औषध केलं कुणी, घात केला कुणी? एकाच सूर्यानं! न सांगता कानाशी वाकलं, तर अडवणार कोण होतं?

दुसऱ्या दिवशी कळमनुरीला, भावजय शितलच्या माहेरी, पाळण्याभोवती बाया दाटल्या. शितलनं लेकरू पुढं केलं. "घ्या, आक्का."

जिवनबाई उंबऱ्याबाहेरच थबकली. "आणू नको जवळ."

शितलचा चेहरा उतरला. "तुमच्या हातांचं मला कधीच काही वाटलं न्हाई."

"हाताचं न्हाई गं, तोंडाचं. राखणदार झोपले, म्हणून हात बरे... म्हणून तोंड..." बाई मध्येच अडकली. "मला बी नीट उमगलं न्हाई. पण लेकराला धोका हाय, येवढं बराबर कळलं."

मग तिथूनच, पदर तोंडावर दाबून, तिनं हाक घातली, "राजनंदिनी!"

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. सोबत आलेल्या कमलबाईनं बाहेर येऊन रिवाजाचा धपाटा तेवढा तिच्या पाठीत घातला आणि विचारलं, "कानात न सांगितलेलं नाव लागतं का गं?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळणा मात्र हलू लागला होता.