व्हायोलिनवालीचं पान

चित्रांचं पुस्तक वर्गाला वाचून दाखवताना चित्रं मुलांकडे धरायची असतात. त्यामुळे मला चित्र दिसत नाही, चेहरे दिसतात. काल चौथीला मी एका व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीची खरी गोष्ट वाचत होते. ती आपला देश सोडून परक्या शहरात आली, भाषा येईना, मग वाजवू लागली आणि सगळ्यांची लाडकी झाली. त्या पानावर वर्गातल्या साऱ्या माना एकदम मागे वळल्या. शेवटच्या बाकावर केसर बसते. तिचे वडील राजस्थानातून आलेले, बाजारात रावणहत्था, म्हणजे तिकडचं व्हायोलिनच, वाजवून पोट भरतात.

मलाही राहवलं नाही. म्हटलं, "केसर, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हण ना."

ती उभी राहिली. तिच्या मागे भिंत होती आणि समोर आमचं कौतुक. बाहेरून आलेल्या पोरीला आपण किती प्रेमाने एकाच पानावर उभं करून ठेवतो! त्या व्हायोलिनवालीलाही कधी वाटलं असेल, आज हे खाली ठेवावं आणि नुसतं खिडकीतून बघत बसावं. पण चित्रातल्या मुलीला हात खाली घेता येत नाही.

केसर नखाने बाकाची कड खरवडत होती. मग म्हणाली, "बाई, गाणं नको. मला सतराचा पाढा येतो. म्हणू?"

मी पुस्तक मिटलं. "म्हण."

सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत सगळ्या माना कंटाळून पुढे वळल्या. तेव्हा कुठे केसरचा आवाज मोकळा झाला.