धरमकाट्याचा पासवर्ड

धरमकाट्यावर माल तोलला जातो आणि गाडी निघून जाते. किस्से मात्र तिथंच साचतात, ते कुणी उतरवून नेत नाही. डोणगावच्या रस्त्यावर उत्तमभाऊंचा काटा होता आणि मी तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर. आमच्याकडं तोलण्यापेक्षा अपडेटचेच किस्से जास्त झाले.

माझं काम साधं. गाडी चढली की आकडे टाइप करायचे, पावती काढायची. तोलात लपवाछपवी नको म्हणून भाऊंनी बाहेर भोंगा लावला होता. जे बटण दाबायचं ते माइकवर बोलून दाबायचं, हा त्यांचा नियम. मला त्याची इतकी सवय लागली की घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा मी बोलून दाबायचो.

कोपऱ्यात जुना दांडीचा काटा तेलपाणी करून तयार असे. भाऊ तिकडं बोट दाखवून म्हणायचे, "हे कॉम्प्युटरचं डबडं सीझनमदी बंद पडलं ना गज्या, तं पोतं पोतं दांडीवर तोलू. मंग तुहं काय काम?"

माझी नोकरी त्या डबड्यावर होती.

*

कॉम्प्युटर दुरुस्तीला मेहकरहून शकील यायचा. एकदा तो म्हणाला, "भाऊ, ही सिस्टीम लय जुनी झाली. व्हायरस आला तं सगळं साफ करून जाईन. नवं व्हर्जन टाकून घ्या."

"टाक मंग."

"पण तुमचा वजनाचा प्रोग्राम नव्यावर चालत नाही."

आणि तो प्रोग्राम ज्यानं बनवला होता, त्यानं धंदा बंद करून शेळ्या पाळल्या होत्या.

भाऊंनी एकदा दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे दार लावलं तं वजन येत नाही, अन् उघडं ठेवलं तं चोर येते. तू दुरुस्तीले येतं का मले कोड्यात टाकाले?"

*

निर्णय लांबत गेला. आधी पितृपक्ष, त्यात नवीन काही करायचं नाही. मग दसरा, त्या दिवशी पूजेतल्या मशीनला हात लावायचा नाही. हळदीकुंकू कीबोर्डमध्ये इतकं गेलं, की पुढं आठवडाभर माझी बोटं लाल व्हायची. तोवर सोयाबीन सुरू झालं.

शकील वैतागला. "व्हायरस मुहूर्त पाह्यत नाही भाऊ."

"म्हणून तं तो व्हायरस हाय," भाऊ म्हणाले.

*

आणि तो आला. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणी भरायला पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावरच्या सगळ्या फाइली गायब झाल्या. शकीलनं संध्याकाळपर्यंत बसून त्या परत आणल्या. तोवर मी दांडीच्या काट्याकडं पाठ करून बसलो होतो. भाऊंनी एकच चौकशी केली, "कोणत्या गाडीतून आला?"

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: व्हायरस असलेल्या गाड्या बाहेर उभ्या कराव्यात.

एक ट्रॅक्टर खरंच बाहेर थांबला. त्याच्या ड्रायव्हरला सर्दी झाली होती.

*

तेवढ्यानं भाऊंचं समाधान होईना. अपडेट न करता बंदोबस्त करायचा त्यांनी स्वतःच मार्ग काढला. मी जेवायला गेलो असताना कॉम्प्युटरच्या मागची पुढची सगळी भोकं त्यांनी लांबी भरून बुजवली. खिडकीच्या काचेला लावतात तीच लांबी.

"आता येऊ दे म्हणा," हात पुसत भाऊ म्हणाले.

मी प्रिंटरची वायर हातात धरून उभा होतो. काट्याची वायर खाली लोंबत होती.

शकीलनं स्क्रू ड्रायव्हरनं कोरून कोरून लांबी काढली. जाताना उरलेल्या लांबीचा डबा तो सोबत घेऊन गेला.

*

शेवटी उन्हाळ्यात, काटा रिकामा असताना, नवं व्हर्जन पडलं. जुना प्रोग्राम त्यात चालवायची युक्तीही शकीलनं शोधली. नव्या व्हर्जननं पासवर्ड मागितला, तोही भक्कम हवा म्हणालं. मी ठरवला. भाऊंनी मला बाजूला घेतलं. "कोणाले सांगू नको. शकीलले नाही, बायकोले नाही. मलेबी नाही."

मी शब्द पाळला.

पुढच्या सोयाबीनला ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि लोणारकडून आभाळ भरून आलं होतं. पोती उघडी. तेवढ्यात लाइट गेली, आली, आणि मशीननं पासवर्ड विचारला. भाऊ दांडीच्या काट्याची साखळी सोडायला लागले होते. ती साखळी वाजली आणि माझं डोकं रिकामं झालं. दोनदा चुकलो. आता एकदाच टाकता येईल, नाहीतर दिवसभर बंद, असं पडद्यावर आलं.

मला रडू येत होतं. सवयीनं माइकवर बोललो, "पासवर्ड आठवून नाही राह्यला."

भोंग्यातून ते रांगभर ऐकू गेलं. मग बीबी गावचा एक म्हातारा ट्रॉलीवरून म्हणाला, "काऊन बे, चांदी ना! तुही म्हैस. इंग्रजीत."

"पहिलं अक्षर मोठं," मागच्या ट्रॅक्टरवरचा म्हणाला.

"मंग ॲट. मंग चार शून्य सात," तिसरा.

मी टाइप करत गेलो. भाऊ साखळी हातात धरून एकदा रांगेकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. एंटरवर बोट ठेवलं, तोच रस्त्यापलीकडून चहावाल्या मावशीचा आवाज आला, "थांब गजानन, शेवटचा स्टार राह्यला!"